ट्रान्झॅक्शन शिकवताना दोन विंडो उघडा

नमस्कार! आजचा व्हिडिओ डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर हा विषय शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी आहे. विद्यार्थी मंडळी, तुम्हीही थांबा, कारण आज जे दाखवणार आहे ते घरच्या लॅपटॉपवर सहज करून बघता येतं.

ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसमधल्या कामांचा असा गठ्ठा, की झाली तर सगळी कामं होतात, नाहीतर एकही नाही. तिचे ॲसिड नावाचे चार गुणधर्म मुलांना पाठ असतात. ॲटोमिसिटी, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण त्यांच्याच प्रोजेक्टवर बोट ठेवून विचारा, "शेवटचं एक तिकीट उरलंय आणि दोघांनी एकदमच बुकिंगचं बटण दाबलं, तर काय होईल?" वर्ग गप्प होतो.

यात मुलांचा दोष नाही. आपण दोन ट्रान्झॅक्शनसाठी टी-वन, टी-टू असे दोन रकाने आखतो, रीड-राइट लिहितो, कोण कोणाच्या आधी हे दाखवणारा प्रिसिडन्स ग्राफ काढतो. ते यायलाच हवं. पण फळ्यावर सगळं एकामागून एकच लिहिलं जातं, एकाच वेळी काही घडत नाही. आणि प्रॅक्टिकलला प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, वापरणारा एकटाच. मग दुसऱ्याशी टक्कर होणार कशी? ज्या अडचणीसाठी हा सगळा धडा आहे, ती अडचण मुलांनी कधी पाहिलेलीच नसते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी डेटा बिघडवून दाखवा, व्याख्या नंतर द्या.

[स्क्रीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दोन विंडो शेजारी-शेजारी]

हे बघा. एक खातं, शिल्लक ५००० रुपये. डावीकडे बिगिन केलं, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू केली, आणि शिल्लक वाचली, ५०००. उजवीकडे बिगिन केलं, शिल्लक वाचली, तीही ५०००. आता डावीकडून १००० काढायचे आहेत, म्हणून अपडेट करून शिल्लक ४००० लिहिली. कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, अजून केलेलं नाही. उजवीकडून ५०० काढायचे, तिथे ४५०० लिहून एंटर मारला.

काहीच झालं नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय. इथे घाई करू नका, वर्गाला तो कर्सर बघू द्या. कोणीतरी म्हणेलच, "सर, हँग झालं!" हँग नाही झालेलं. डावीकडच्या ट्रान्झॅक्शनने त्या रोवर, म्हणजे खात्याच्या ओळीवर, लॉक धरून ठेवलाय आणि उजवीकडची त्याची वाट बघतेय. आता डावीकडे कमिट करते. बघा, उजवीकडची क्वेरी त्याच क्षणी सुटली! तिथेही कमिट करू आणि शिल्लक बघू.

४५००. खात्यातून गेले १५०० आणि कमी झाले फक्त ५००. बिगिन होतं, कमिट होतं, लॉकसुद्धा लागला होता, तरीही १००० रुपयांची नोंद पुसली गेली. यालाच लॉस्ट अपडेट म्हणतात. ही व्याख्या आता सांगा, मुलं विसरणार नाहीत.

असं का झालं? एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून किती वेगळ्या ठेवायच्या, हे आयसोलेशन लेव्हल ठरवते. पोस्टग्रेसची नेहमीची लेव्हल रीड कमिटेड असते. उजवीकडच्या ट्रान्झॅक्शनने जुनी ५००० वाचून हिशोब आधीच करून ठेवला होता, आणि लॉक सुटल्यावर तोच आकडा लिहून टाकला. आता दोन्हीकडे लेव्हल रिपीटेबल रीड, म्हणजे एक पायरी कडक, करून हेच पुन्हा करा. या वेळी डावीकडे कमिट होताच उजवीकडे एरर येते, 'कुड नॉट सिरियलाइज ॲक्सेस ड्यू टू कॉनकरंट अपडेट', म्हणजे त्याच वेळी दुसऱ्याने बदल केला म्हणून पुढे जाता येत नाही. मुलांना सांगा, ही एरर म्हणजे डेटाबेसने आपलं काम केलं. आता ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवणं हे आपल्या प्रोग्रामचं काम.

आणि ही पुढची गोष्ट अजिबात गाळू नका. हाच प्रयोग मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर करा. तिथे इनोडीबीची, म्हणजे त्यातल्या डेटा साठवणाऱ्या इंजिनाची, नेहमीची लेव्हल रिपीटेबल रीडच आहे. नाव तेच, पण एरर येत नाही, ४५०० निमूटपणे लिहिले जातात! पुस्तकातला चार लेव्हल्सचा तक्ता पाठ करून हे कळणार नाही. आपला डेटाबेस नेमका कसा वागतो ते चालवूनच बघावं लागतं.

उपाय काय? साधा उपाय म्हणजे तयार आकडा लिहायचाच नाही, अपडेटमध्येच शिल्लक वजा ५०० असं लिहायचं. मग वाट बघून झाल्यावर ताजी शिल्लक, म्हणजे ४००० घेतली जाते आणि उत्तर येतं ३५००. मधे प्रोग्राममध्ये काही तपासायचं असेल तर सिलेक्टच्या शेवटी फॉर अपडेट लावा, म्हणजे वाचतानाच लॉक लागतो.

चार गुणधर्मांच्या आद्याक्षरांचं ॲसिड हे नाव हेर्डर आणि रॉयटर या संगणकशास्त्रज्ञांनी १९८३ साली दिलं. त्यामागचा ट्रान्झॅक्शनचा विचार मुख्यतः संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी उभा केला होता आणि १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. म्हणजे ही मंडळी आधी प्रश्नाशी झगडली, चार अक्षरं मागून आली. आपण शिकवतो मात्र नेमकं उलट.

पुढच्या प्रॅक्टिकलला हे द्या. जोड्या करा, दोघांना एकाच डेटाबेसवर बसवा. एकाने आधी पहिलं खातं अपडेट करायचं आणि मग दुसरं, जोडीदाराने आधी दुसरं आणि मग पहिलं. कमिट कोणी करायचं नाही. पोस्टग्रेस साधारण सेकंदभर थांबतो आणि मग एकाची ट्रान्झॅक्शन रद्द करतो, 'डेडलॉक डिटेक्टेड', म्हणजे दोघंही एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकले होते. कोणाची रद्द झाली आणि दुसऱ्याची पुढे कशी गेली, हे दोघांनी आपापल्या जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहायचं.