एअरडेल: नदीकाठच्या उंदरापासून अस्वलापर्यंत

[दृश्य: संथ नदी, पलीकडच्या काठावर जुन्या गिरणीची चिमणी]

ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची एअर नदी. एअरडेल ही कुत्र्यांची जात इथलीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिच्या काठानं लोकरीच्या गिरण्यांची रांग होती. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार कुत्री घेऊन नदीवर यायचे. खिशात आठवड्याची मजुरी असायची आणि ती पैजेवर लागायची.

पैज असायची पाणउंदरांवर. दोन कुत्री काठानं सोडायची. कोणतं बीळ रिकामं आणि कोणत्यात उंदीर बसलाय, हे कुत्र्यानं नुसत्या वासावरून दाखवायचं. त्याचे गुण वेगळे. मग बिळात फेरेट सोडायचा. मुंगसासारखा लांबुडका, पाळीव प्राणी. तो आत शिरला की उंदीर दुसऱ्या तोंडानं निसटून थेट पाण्यात बुडी मारणार. आता खरी कसोटी. उंदीर पाण्याखालून चाललाय, वर फक्त बुडबुडे. तो कुठं डोकं काढेल याचा अंदाज घेत कुत्र्यानं पोहत राहायचं आणि डोकं दिसलं की धरायचं. मानेचा एक झटका, उंदीर खलास. काठावर आरडाओरडा, पैशांची देवघेव, आणि मंडळी पुढच्या बिळाकडे.

या खेळात तिथला जुना राठ केसांचा टेरियर, म्हणजे बिळातली शिकार हुसकणारा छोटा कुत्रा, चपळ होता, जिद्दी होता, पण नाकानं आणि पोहण्यात कमी पडायचा. म्हणून त्याचा संकर केला ऑटरहाउंडशी. हा पाणमांजराच्या शिकारीचा कुत्रा. अंगानं थोराड, दाट केसांचा, ओल्या काठावरचा शिळा माग काढणारा. आणखी कोणकोणतं रक्त मिसळलं, यावर जाणकारांचे वाद आजही चालतात. साहजिकच आहे. गिरणी कामगार वंशावळी लिहीत बसत नव्हते. कुत्रं कामाचं निघालं तर त्याची पिल्लं ठेवायची, नाही निघालं तर नाही. एवढाच नियम.

[दृश्य: खांद्यापाशी मोजपट्टी धरलेला उभा एअरडेल]

जे तयार झालं ते टेरियरच्या मानानं अवाढव्य. खांद्यापाशी साधारण ५८ ते ६१ सेंटीमीटर. टेरियरनं बिळात घुसून कोल्ह्याला बाहेर काढायचं असतं. हा बिळात मावतच नाही! पण जमीनदाराच्या रानात रात्री गुपचूप ससा मारायला मात्र उत्तम. कधी वॉटरसाइड टेरियर, कधी बिंगली टेरियर म्हणत १८६४ मध्ये तो स्थानिक कृषी प्रदर्शनात उभा राहिला, आणि १८८६ मध्ये केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटिश संस्थेनं, एअरडेल टेरियर या नावावर शिक्कामोर्तब केलं.

नाव मिळालं आणि कुत्रा प्रदर्शनाच्या रिंगणात गेला. तिथं परीक्षक दाढी बघतो, पाठीची रेघ बघतो, केसांचा पोत बघतो. पाण्यातला उंदीर कोण बघणार? केसांचं महत्त्व खोटं नाही. वरची राठ तार काट्याकुट्यांपासून वाचवते, खालची मऊ लव थंड पाण्यात ऊब धरते. तो पोत टिकवायचा तर मेलेले केस बोटांनी उपटून काढावे लागतात. मशीन फिरवलं की आवरण मऊ पडत जातं. पण जातीतली जिद्द केसांत नसते, आणि प्रदर्शनात जिद्दीला गुण नाहीत.

[दृश्य: डोंगराळ जंगल, दुरून हाउंडांचं भुंकणं]

अमेरिकेत त्याला पुन्हा काम मिळालं, आणि तेही मोठं. अस्वल, प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर), रकून (झाडावर चढणारा झुपकेदार शेपटीचा प्राणी). अस्वलाच्या मागावर हाउंडांचा, म्हणजे वासावर माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा, कळप भुंकत धावतो, त्यात एक-दोन एअरडेल ठेवतात. माग काढायचा हाउंडनी, अस्वल अडवायचं एअरडेलनं. अस्वल पळू लागलं की हा मागच्या पायाला चावा घेतो आणि पंजा फिरायच्या आत मागे उडी मारतो. ते वळतं, हा हटतो. ते पळतं, हा परत चावतो. शिकारी पोचेपर्यंत हेच चालू. समोरून तोंडावर जाणारा कुत्रा शूर खरा, पण फार दिवस जगत नाही. म्हणून निव्वळ आक्रमक कुत्रा अस्वलाच्या शिकाऱ्याला नको असतो. अंगावर जायचं कळतं तसं मागं सरायचंही कळणारा हवा.

याच कुत्र्यावर ओहायोतल्या लारू नावाच्या खेडेगावात वॉल्टर लिंगो या माणसानं मोठा धंदा उभारला. ऊरँग केनेल्स. टपालानं ऑर्डर द्या, कुत्रा घरपोच. पाण्यातला पक्षी, रानातला पक्षी, झाडावरचा रकून, सगळं एकाच कुत्र्यात, अशी जाहिरात. जाहिरातीसाठी लिंगोनं काय केलं? १९२२ मध्ये चक्क एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला संघ विकत घेतला. शंभर डॉलरला. त्याचा एक एअरडेल दीडशे डॉलरला जायचा! ऊरँग इंडियन्स हा संघ, सगळे खेळाडू अमेरिकेतले आदिवासी, आणि खेळाडू-प्रशिक्षक म्हणून १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेला जिम थॉर्प. मध्यंतरात हेच खेळाडू कुत्र्यांची कसब दाखवायचे आणि पारंपरिक नाच करायचे. थॉर्पच्या तोडीच्या माणसाला कुत्र्यांच्या जाहिरातीत नाचवणं आज बघवत नाही, पण गर्दी व्हायची. संघ दोनच हंगाम टिकला. लारूपासून जवळच्या मेरियनचे वॉरन हार्डिंग तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते, आणि व्हाइट हाउसमध्ये त्यांचाही एअरडेल होता, लॅडी बॉय. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला स्वतःची खुर्ची होती.

[दृश्य: गवताळ माळ, शिट्टी, गवतातून उडणारा पक्षी]

आज अमेरिकेतल्या एअरडेल क्लबच्या शिकार चाचण्या होतात. त्यात गवतातला पक्षी उठवणं आणि पाडलेला पक्षी हातात आणून देणं असतं, आणि रकूनचा माग काढून झाडाखाली उभं राहून भुंकणंही. पक्षी आणताना दात रुतता कामा नयेत. जो जबडा अस्वलाचा पाय धरतो, त्याच जबड्यात पक्षी अलगद राहिला पाहिजे. स्पॅनिएल, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीचाच कुत्रा, हे काम पटकन शिकतो. एअरडेलला एकच गोष्ट दहादा करायला सांगितली की तो कंटाळतो आणि मग आपल्या मनाचं करतो. त्याच्याशी हुज्जत घालणारा प्रशिक्षक हमखास हरतो.

पैदास करणारे पिल्लं दोन महिन्यांची व्हायच्या आतच पारख सुरू करतात. जन्मताना ती जवळजवळ काळीच असतात, तांबूस रंग नंतर पसरत जातो. दोरीला पक्ष्याचा पंख बांधून गवतातून ओढायचा. एखादं पिल्लू झेपावतं आणि विसरतं. एखादं पंख दिसेनासा झाल्यावरही नाक जमिनीला लावून शोधत राहतं. ते ठेवून घ्यायचं. बंदुकीचा आवाज पुढे, आधी लांबून, हळूहळू जवळून. आणि दोन वर्षांचा झाला की खुब्याचा एक्स-रे, कारण या जातीत खुब्याचं दुखणं वंशातून येतं. कुत्रा कितीही तेज असो, सांधा सैल निघाला तर त्याची पिल्लं घ्यायची नाहीत.