पोटातली कळ आणि समोरची खुर्ची

(दृश्य: टेबलावर पसरलेले रिपोर्ट)

एंडोस्कोपी नॉर्मल. सोनोग्राफी नॉर्मल. रक्ताच्या तपासण्याही नॉर्मल. तरी पोटात कळ येतेच. अनेकदा हा असतो आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम): तपासणीत बिघाड दिसत नाही, तरी पोट दुखतं आणि शौचाच्या तक्रारी राहतात. कारण आतड्याकडून येणारे साधे संदेशही मेंदू मोठे करून ऐकतो. तपासणीसाठी गुदाशयात छोटा फुगा फुगवला, तर आयबीएसच्या अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखतं. याला ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणं, हे निदान नव्हे.

(दृश्य: वही, जवळून)

थेरपिस्टकडचा उपचार सुरू होतो रुग्णाच्या या वहीपासून. रकाने सहा: वेळ, प्रसंग, मनात आलेला विचार, शरीरात काय झालं, त्रास शून्य ते दहापैकी किती, आणि मग काय केलं. थेरपिस्ट आधी शेवटचा रकाना वाचतो. ‘बाहेर जाणं रद्द.’ ‘पोहोचल्याबरोबर टॉयलेट शोधलं.’ आजार टिकतो तो इथे: टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि पुढच्या वेळी भीती आधी हजर. वही रात्री एकदम भरली, तर फक्त सगळ्यात वाईट कळ लक्षात राहते. म्हणून नोंद त्या त्या वेळीच.

(दृश्य: एक हात छातीवर, एक पोटावर)

आता श्वास. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास. वरचा हात स्थिर, खालचा हलायला हवा. इथे बहुतेक जण चुकतात. ‘खोल’ म्हटलं की छाती भरून भराभर श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि रुग्ण आणखी घाबरतो. दुसरी चूक म्हणजे कळ आल्यावरच सराव करणं. तो करायचा बरं वाटत असताना, रोज दहा मिनिटं.

(दृश्य: पोटावर टेकलेले तळहात, मिटलेले डोळे)

ही आतड्यावर केंद्रित संमोहन चिकित्सा. तळहाताची ऊब पोटात उतरते आहे, आतडं शांत लयीत चाललं आहे, अशा सूचना. 1984 मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांच्या गटाने तीव्र आयबीएसच्या 30 रुग्णांवर ती तपासली. संमोहन मिळालेल्यांचं पोट दुखणं, फुगणं आणि शौचाच्या तक्रारी ठळकपणे कमी झाल्या. तुलनेसाठीच्या गटाला मानसोपचार आणि नकली गोळी मिळाली. त्यांना फरक थोडाच पडला. मन मोकळं करणं चांगलंच, पण इथे तेवढं पुरत नाही.

(दृश्य: रस्त्यावरून चालणारी पावलं)

मग टाळलेल्या गोष्टी, सोप्यापासून अवघडाकडे. आधी टॉयलेट न शोधता पंधरा मिनिटं चालणं. खिशात ‘असू दे’ म्हणून ठेवलेली गोळीही नको; ती असली की श्रेय तिलाच जातं.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत. शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन किंवा रक्तक्षय दिसला, तर आधी तपासण्या, थेरपी नंतर.