तीन वर्षांसाठी बांधलेली नौका

नमस्कार मंडळी. व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापलाय, ‘विक्रांत आणि तिच्या बहिणी: एका नौकावर्गाची रचना आणि सेवा’. पत्रिका माझ्याही हातात आहे आणि विषय मीच दिलेला आहे, त्यामुळे तो पुरा करणं मला भाग आहे. पण त्याआधी गेली काही वर्षं मनात अडकून बसलेली एक गोष्ट तुमच्यासमोर मोकळी करतो.

एका प्रदर्शनात मी विक्रांतची, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेची, लाकडी प्रतिकृती पाहिली. कुठलं प्रदर्शन, ते सांगत नाही. प्रतिकृती फार सुंदर होती. डेकवरची सी हॉक विमानंसुद्धा पंख दुमडून ठेवलेली. आणि खाली पाटी होती: ‘ब्रिटिशांनी वापरलेली जुनी युद्धनौका, १९६१ मध्ये भारताने घेतली.’ मी तिथेच थांबलो. शेजारी एक मुलगा वहीत ते वाक्य उतरवून घेत होता. मी त्याला सांगितलं, बाळा, ‘वापरलेली’ खोड. मग आयोजकांना दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

ती वापरलेली नव्हती. एक दिवससुद्धा नव्हती. तिचं मूळ नाव ‘हर्क्युलिस’. टाइन नदीवरच्या विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत १९४३ मध्ये तिचा कणा ठेवला गेला आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचं जलावतरण झालं. तोवर जपानने शरणागती पत्करून तीन आठवडे झाले होते. मे १९४६ मध्ये काम थांबलं तेव्हा ती सुमारे तीन चतुर्थांश पुरी झाली होती, आणि तशीच पडून राहिली. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत उरलेलं काम झालं आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘आयएनएस विक्रांत’ म्हणून दाखल झाली. ब्रिटिश नौदलाचं निशाण तिच्यावर कधी चढलंच नाही. तिचं पहिलं निशाण आपलं.

आता ही नौका अर्धवट का राहिली, आणि मुळात का बांधायला घेतली? १० डिसेंबर १९४१ ला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन अवाढव्य ब्रिटिश नौका मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवल्या. वरून संरक्षण देणारं एकही विमान त्यांच्याबरोबर नव्हतं. विमानवाहू नौका हव्यात, पुष्कळ हव्यात आणि लगेच हव्यात, हे त्या दिवसानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. पण ‘इलस्ट्रियस’सारखी पोलादी चिलखताच्या डेकची नौका बांधायची म्हणजे वर्षानुवर्षांचं काम, आणि ते करू शकणाऱ्या गोद्या मोजक्या.

मग १९४२ च्या सुरुवातीला विकर्सच्या आराखडेकारांनी एक वेगळीच नौका कागदावर उतरवली. सांगाडा मालवाहू जहाजांच्या लॉइड्स नियमांनुसार, म्हणजे व्यापारी जहाजं बांधणाऱ्या गोदीलाही ती बांधता यावी. चिलखत जवळजवळ नाहीच. यंत्रं क्रूझरसाठी तयार होत होती त्याच धर्तीची: चार बॉयलर, दोन टर्बाइन, चाळीस हजार अश्वशक्ती आणि वेग पंचवीस नॉट. यंत्रांचे दोन स्वतंत्र संच, एक उजवीकडे थोडा पुढे आणि दुसरा डावीकडे थोडा मागे, म्हणजे एकाच टॉर्पेडोने दोन्ही जाऊ नयेत. लांबी सुमारे दोनशे बारा मीटर. आणि आयुष्य? युद्ध संपेपर्यंत, फार तर तीन वर्षं. त्यानंतर भंगार. असं ठरवूनच बांधली. (हशा) हसू नका, हा आकडा लक्षात ठेवा. शेवटी तो लागणार आहे.

अशा सोळा नौका बांधायला घेतल्या. पहिल्या दहा ‘कोलोसस’ वर्गाच्या. शेवटच्या सहांमध्ये जड विमानांसाठी लिफ्ट आणि विमान अडवणाऱ्या तारा मजबूत केल्या, म्हणून त्यांना ‘मॅजेस्टिक’ वर्ग म्हणतात. आपली हर्क्युलिस त्यातली. पहिल्या चार पॅसिफिककडे निघाल्या, पण त्या पोचेपर्यंत लढाई आटोपत आली होती. ‘ग्लोरी’च्या डेकवर सप्टेंबर १९४५ मध्ये रबाउलच्या जपानी सैन्याने शरणागती दिली. या नौकांची दुसऱ्या महायुद्धातली मोठी कामगिरी म्हणायची तर ही.

आणि इथे मला हर्क्युलिसच्या पडून राहण्याचं मोल दिसतं. ती गंजत उभी असताना तिच्या थोरल्या बहिणी प्रयोगशाळा झाल्या होत्या. ‘ओशन’वर ३ डिसेंबर १९४५ ला एरिक ब्राउन यांनी जेट विमान उतरवलं, नौकेवर उतरलेलं ते पहिलं निव्वळ जेट. ‘वॉरियर’वर रबराचा डेक अंथरून चाकांशिवाय विमान उतरवून पाहिलं, ते पुढे कुणी चालवलं नाही. ‘पर्सियस’वर वाफेच्या कॅटापल्टची, म्हणजे विमानाला डेकवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्राची, चाचणी झाली. ‘ट्रायंफ’च्या डेकवर १९५२ मध्ये नुसते रंगाचे पट्टे मारून तिरप्या डेकची, म्हणजे विमान उतरायची पट्टी नौकेच्या लांबीशी तिरकी ठेवण्याची, कल्पना तपासली. उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारा आरसाही याच काळातला. १९६१ मध्ये विक्रांत आली ती तिरपा डेक, वाफेचं कॅटापल्ट आणि आरसा असं सगळं घेऊनच. थोरल्या बहिणींनी सोसलं आणि धाकटीला तयार मिळालं. १९४६ मध्येच पुरी झाली असती तर सरळ डेकची राहिली असती आणि आपल्याकडे येईपर्यंत खरोखरच जुनी झाली असती.

आता मी मला सर्वांत प्रिय असलेल्या भागाकडे येतो. तो डेकवर नाही, खाली बॉयलरखोलीत आहे.

विक्रांतचे बॉयलर तीन ड्रमचे. वर एक मोठा वाफेचा ड्रम, खाली दोन बाजूंना दोन पाण्याचे ड्रम, आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो नळ्या. समोरून पाहिलं तर त्रिकोण. जून १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तपासणी झाली आणि पाण्याच्या ड्रमांना आतून तडे गेलेले सापडले. धातू थकला होता, वेल्डिंगने सांधता येणारे तडे नव्हते ते. तसे ड्रम इथे मिळेनात. ब्रिटनकडे चार नवे ड्रम मागवले आणि हुकूम निघाला की पुढची सूचना येईपर्यंत बॉयलर पेटवायचे नाहीत. देशातली एकुलती एक विमानवाहू नौका, आणि ती बॅलार्ड पियरला बांधून ठेवलेली.

तेव्हाच्या नौदलाची मनःस्थिती ध्यानात घ्या. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचा दावा केला आणि ती इथे मुंबईत उभी होती. आता १९७१ मध्येही ती बंदरातच राहिली असती तर लोकांनी तिला पांढरा हत्ती म्हटलं असतं आणि नौदलाची विमानसेवाच मोडीत निघाली असती. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांना हे पुरतं ठाऊक होतं.

नवे ड्रम आलेले नव्हते. तरी २६ फेब्रुवारी १९७१ ला तिला धक्क्यावरून काढून नांगरावर नेलं. १ मार्चला बॉयलर पेटवले, तडे गेलेल्या ड्रमांसकट. त्याच दिवशी कॅटापल्ट चालवून पाहिलं. १८ मार्चला ती समुद्रात गेली. चाचण्यांनंतर ठरलं की वाफेचा दाब चौरस इंचाला चारशे पौंडांवर जाऊ द्यायचा नाही आणि नौकेला ढकलणाऱ्या पंख्याचे, प्रॉपेलरचे, फेरे मिनिटाला १२० च्या वर न्यायचे नाहीत. म्हणजे पंचवीस नॉटची नौका चौदा नॉटवर आली.

त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसांचा विचार करा. बॉयलरखोली किती तापते ते ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा. समोरच्या पोलादाला तडा आहे हे ठाऊक आहे, त्याच्या आत दाबलेली वाफ आहे, आणि पहारा संपेपर्यंत दाबाच्या काट्यावरून नजर हटवायची नाही. वर विमान उडालं की टाळ्या वैमानिकाला. त्या टाळ्या रास्तच आहेत. पण त्या विमानाला ढकलणारी वाफ याच तडकलेल्या ड्रमांतून वर गेलेली आहे. नौका चालवायची तीही हीच वाफ, आणि कॅटापल्टला हवी तीही हीच. दरवर्षी नौदल दिनाची भाषणं मी ऐकतो. ४ डिसेंबर, कराची, क्षेपणास्त्रनौका, सगळं येतं आणि यायलाच हवं. त्याच ४ डिसेंबरला विक्रांतही लढत होती. तिच्या बॉयलरखोलीबद्दल मी एका भाषणात एक वाक्य ऐकलेलं नाही.

पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून धावत सांगतो. विक्रांतला शोधायला ती कराचीहून निघाली आणि विशाखापट्टणमपाशी बुडाली, तेव्हा विक्रांत दूर अंदमानकडे होती. ४ डिसेंबरच्या सकाळी कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नौकेवरून आठ सी हॉक उडाली आणि कॉक्स बाजारवर गेली, संध्याकाळी चितगाववर. पुढे खुलना आणि मोंगला. पूर्व बंगालचा समुद्री रस्ता बंद झाला.

आता वारा. विमान उडवायचं तर डेकवरून समोरून वारा हवा. त्यातला काही निसर्ग देतो, बाकीचा नौकेने वाऱ्याच्या दिशेने पळून मिळवायचा. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा मंद असतो. नौकेचा वेग आधीच अर्ध्यावर आलेला. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाला वारा शोधावा लागे, जड अलिझे विमानांसाठी तर जास्तच. या सोळांतल्याच दुसऱ्या एका नौकेलाही वाऱ्याने असंच गाठलं. २ मे १९८२, फॉकलंडचं युद्ध. अर्जेंटिनाची ‘बेंतिसिंको दे मायो’ बाँब लादलेली स्कायहॉक विमानं ब्रिटिश ताफ्यावर सोडायच्या तयारीत होती. वारा पडला. तेवढ्या ओझ्यासकट उड्डाण होईना आणि हल्ला रद्द झाला. ही नौका कोण? मूळची ब्रिटनची ‘व्हेनरेबल’, मग नेदरलँड्सची ‘कारेल डोरमन’. १९६८ मध्ये तिच्या बॉयलरखोलीत आग लागली तेव्हा तिला बॉयलर मिळाले ते सोळांतल्याच ‘लिव्हायथन’चे. लिव्हायथन कधी पुरीच झाली नव्हती. एकीचे न पेटलेले बॉयलर दुसरीत बसले आणि त्यांच्या जिवावर ती अर्जेंटिनाच्या नौदलात गेली. मला तर या साऱ्या वर्गाचा इतिहास बॉयलरांवरूनच सांगता येईल असं...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेतो.

सेवा. या सोळांतल्या नौका आठ देशांच्या नौदलांत गेल्या: ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, ब्राझील आणि भारत. कोरियाच्या युद्धात ‘ट्रायंफ’, ‘थिसियस’, ‘ग्लोरी’, ‘ओशन’ आणि ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ आळीपाळीने होत्या. ओशनवरच्या पंख्याच्या सी फ्युरी विमानांनी तिथे मिग-१५ हे जेट पाडलं. १९५६ मध्ये सुएझला थिसियस आणि ओशनवरून हेलिकॉप्टरने सैनिक उतरवले, नौकेवरून असा हल्ला त्याआधी कुणी केला नव्हता. ‘सिडनी’ने पुढे व्हिएतनामला सैन्य नेण्याचं काम केलं. ऑस्ट्रेलियाच्याच ‘मेलबर्न’ची दोनदा आपल्याच बाजूच्या विनाशिकांशी टक्कर झाली, १९६४ मध्ये ‘व्हॉयेजर’ आणि १९६९ मध्ये अमेरिकेची ‘फ्रँक ई. इव्हान्स’. पहिलीत ब्याऐंशी आणि दुसरीत चौऱ्याहत्तर माणसं गेली. यावर वेगळं बोलायला हवं, आज जमणार नाही.

आता तो तीन वर्षांचा आकडा. चिलखती डेकच्या ‘इलस्ट्रियस’ वर्गाचं काय झालं? इलस्ट्रियस १९५६ च्या अखेरीस भंगारात निघाली. तिच्या बहिणींपैकी एकटी ‘व्हिक्टोरियस’ नव्या विमानांसाठी नीट बदलली, आणि त्याला १९५० ते १९५८ अशी आठ वर्षं लागली. कारण चिलखती डेक हा सांगाड्याचाच भाग होता. तो कापायचा म्हणजे नौका जवळजवळ उसवायची. त्यापुढच्या ‘इम्प्लॅकेबल’ वर्गाचे हँगर, म्हणजे डेकखाली विमानं ठेवायच्या जागा, इतके बुटके की नवी विमानं मावेनात. आमच्या तीन वर्षांच्या नौकांचा हँगर साडेसतरा फूट उंच, डेक हलका, सांगाडा साध्या जहाजाचा. कापा, वाढवा, तिरपा करा, तो ऐकतो. विक्रांतने कॅटापल्ट काढून पुढे स्की-जंपचा चढ बसवला आणि सी हॅरियर उडवली. चिलखत नव्हतं म्हणून या नौका टिकल्या, हे माझं म्हणणं आहे. घाईतली तडजोड त्यांना लाभली.

सेवेत सर्वांत जास्त टिकली ती ब्राझीलची ‘मिनास जेराइस’, जुनी ‘व्हेन्जन्स’. जानेवारी १९४५ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल आणि २००१ मध्ये ब्राझीलमधून निवृत्त. छपन्न वर्षं. २००४ मध्ये ती तोडायला आली ती गुजरातेत, आलंगला. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मग मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. तुमच्यापैकी बरेच जण मुलांना घेऊन गेला असाल. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं, लिलाव झाला, न्यायालयात याचिका गेली, फेटाळली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना भागात, जिथे जहाजं तोडतात तिथे, तिला तोडायला सुरुवात झाली. सोळांपैकी तेव्हा ती एकटीच उरलेली होती.