तीन महिन्यांपूर्वीचा ताप

नागपुरात पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात. ताप उतरतो, प्लेटलेट वर येतात, घरचे निश्चिंत होतात. मग थंडी सुरू होते आणि कंगव्यात केसांचे पुंजके निघू लागतात. दोष जातो बोअरच्या पाण्याला, नाहीतर नव्या शाम्पूला. तापाची आठवण कुणालाच येत नाही.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले 85 ते 90 टक्के वाढत असतात, बाकीचे बहुतेक विसावलेले. हा विसावा तीनेक महिन्यांचा, नंतर केस गळतो. म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे. पण कडक ताप, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपाशी राहून झपाट्यानं घटवलेलं वजन, असं काही घडलं की वाढीतले पुष्कळ केस वेळेआधीच विसाव्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये हे नाव रूढ केलं.

गळलेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. ती पाहून बायका घाबरतात, मुळासकट गेला म्हणतात. तसं नाही. केस जिथून उगवतो ती जागा त्वचेच्या आत शाबूत असते आणि नवा केस तिथूनच येतो. चाई पडते तेव्हा एखाद्या जागी गोल चट्टा होतो. इथे सगळं डोकंच विरळ होतं.

ताप नाही, बाळंतपण नाही, तरी केस जातायत? मग रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड. नवीन सुरू झालेली गोळीही डॉक्टरांना दाखवा, पण मनानं बंद करू नका. आणि विदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. रक्त कमी दिसलं म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या रुग्णात लोह आधीच साठलेलं असू शकतं. केसांसाठी बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व चालू असेल, तर तेही तपासणीआधी सांगा. त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

बाकी उपचार म्हणजे मूळ कारण दूर करणं. लोह खरंच कमी असेल तर गोळ्यांच्या जोडीला रोजचं पोटभर जेवणही हवं: डाळ, पालेभाजी, हळिवाचे लाडू. जेवणासोबत संत्रं खा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र जेवणानंतर तासभर थांबून. तेल खुशाल लावा, पण त्यानं ही गळती थांबत नाही. डोकं धुणंही टाळू नका. पाण्यासोबत जातात ते आधीच सुटलेले केस.

कारण गेलं की गळती साधारण सहा महिन्यांत थांबते. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून वेणी पूर्वीसारखी जाड व्हायला वर्षही लागतं. सहा महिन्यांनंतरही गळती चालू असेल, भांग रुंद होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना जुने रिपोर्ट न्या आणि ताप कोणत्या महिन्यात आला होता, ते आठवून ठेवा.