नाटक परवडतं, रात्र परवडत नाही

(परभणीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. आयोजकांचे आभार मानते, पण मला बोलावलं म्हणून नाही, तर व्याख्यान सातऐवजी पाचला ठेवलं म्हणून. सेलू, मानवत, जिंतूरकडची मंडळी समोर दिसायलीत, त्याचं कारण हे पाच वाजणं आहे. माझं व्याख्यान खरं म्हणजे इथंच संपलं, पण मानधनाचं पाकीट घेतलंय तर जरा सविस्तर बोलते.

2023 सालची गोष्ट. आम्ही चौघी निवृत्त मास्तरणी संगीत नाटक बघायला संभाजीनगरला गेलो होतो. (माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येतं, सांभाळून घ्या.) प्रयोग रात्री नऊचा. तिसरी घंटा झाली नऊ पंचवीसला. नांदी, मग पदं, त्यांना वन्समोअर, मग मध्यंतर, वडा, चहा. पडदा पडला तेव्हा बारा वीस झाले होते. परतीला देवगिरी एक्सप्रेस, पहाटे चारच्या सुमाराची. म्हणजे एक ते चार आम्ही चौघी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये. डासांपायी झोप येईना, म्हणून नाटकातली पदं एकमेकींना हळू आवाजात म्हणून दाखवायला लागलो. कोपऱ्यात पडलेला एक हमाल उठून बसला आणि म्हणाला, “मावशी, कीर्तनाहून आलात का?”

मला डायरीत खर्च लिहायची सवय आहे. त्या दिवसाचं पान सांगते. नाटकाचं तिकीट 300. जाताना एसटी 145, कारण मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रिक्षा चौघींत वाटून 90. जेवण 160. परतीचं रेल्वेचं तिकीट 80. बेरीज 775. म्हणजे नाटकाला 300 आणि नाटकापर्यंत जाऊन घरी परत येण्याला 475. त्यात मान आखडली, दुसरा दिवस झोपण्यात गेला, ते डायरीत बसत नाही. लॉजवर राहिलो असतो तर हा आकडा मी तुम्हाला सांगितलाच नसता.

नाटक महाग झालं, तिकिटं कमी करा, असं आपल्याकडं उठसूट म्हणतात. मला ते पटत नाही. तिकीट 500 रुपयांच्या वर गेलं की जीएसटी लागतो, तोपर्यंत लागत नाही. त्यामुळं कित्येक नाटकांची पुढची रांग बरोबर पाचशेवर येऊन थांबते. त्या पाचशेत निर्मात्यानं काय काय भागवायचं ते बघा. दोन पात्रांचं नाटक असेल तर एक गाडी पुरते. संगीत नाटक म्हटलं की ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि ते वाजवणारी माणसं आली. गाणारा नट आजारी पडला तर ऐनवेळी बदली कुठून आणायचा? नेपथ्याचा टेम्पो वेगळा, लाइटवाले वेगळे. मुंबईहून परभणी पाचशे किलोमीटर. एका प्रयोगासाठी एवढं लटांबर आणायचं तर दोन दिवस रस्त्यातच जातात. म्हणून दौरा लागतो. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर अशा पाच तारखा ओळीनं लागल्या तरच कंपनी इकडं वळते. मधली एक तारीख गळाली की सगळी माळ तुटते. आपल्या गावाला नाटक आलं नाही, तर कित्येकदा कारण शेजारच्या गावात असतं.

संगीत नाटक हा मुळातच खर्चाचा संसार आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात शाकुंतल उभं केलं, तेव्हापासून. बालगंधर्वांनी भरजरी शालू, दागिने, अत्तर यांवर पाण्यासारखा पैसा घातला आणि कर्जही डोक्यावर घेतलं. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगळ्या कंपन्यांचे गायक नट एकाच रंगमंचावर आले, तो संयुक्त मानापमानाचा प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी होता आणि एका रात्रीत 16,800 रुपये जमले. हा आकडा सगळे अभिमानानं सांगतात, मीही सांगते. पण मला कायम वाटतं, त्या रात्री थिएटरच्या बाहेर उभं राहून किती जणांनी ऐकलं असेल? त्यांची बेरीज कुणी केली नाही.

बाहेर राहून ऐकणारं एक माणूस माझ्या घरातच होतं, माझी माय.

मी आठ वर्षांची असेन, तेव्हा आम्ही सेलूला होतो. जिनिंगच्या आवारात कनात लावून सौभद्राचा प्रयोग झाला होता. खुर्चीला तीन रुपये, जमिनीवर एक रुपया. आमचे अण्णा जिनिंगमध्येच कारकून. त्यांनी दोन तिकिटं काढली, एक त्यांचं, एक माझं. मायच्या मांडीवर माझा धाकटा भाऊ. रडकं पोर आत आणू नका असं नाटकाच्या ठेकेदारानं बजावलेलं. मग माय कनातीच्या मागच्या अंगाला, कापसाच्या बोदऱ्यांवर बसली. पुढं लोकांची गर्दी होती म्हणून मागं. मागं म्हणजे रंगमंचाच्या पाठीशी, कापडाच्या पलीकडं हातभरावर.

आम्ही आतून जे पाहिलं त्यातलं मला कृष्णाच्या मुकुटावरचं लखलखणारं काहीतरी आणि समोरच्या काकांचा फेटा एवढंच आठवतंय. पण मायनं ऐकलं ते अफाट होतं. तिला ऑर्गनचा भाता ऐकू आला. अर्जुन आत येऊन खोकला, ते ऐकू आलं. सुभद्रेचं काम करणारीनं कुणाला तरी “चहा गार आणलास” म्हणून झापलं आणि दुसऱ्या क्षणाला रडवेल्या आवाजात पदाला तोंड फोडलं. आणि मुख्य म्हणजे तिला तो माणूस ऐकू आला जो विंगेत वही धरून पुढचं वाक्य कुजबुजतो, म्हणजे प्रॉम्प्टर. प्रत्येक वाक्य तिनं दोनदा ऐकलं, एकदा हळू, एकदा मोठ्यानं. पुढं कित्येक वर्षं भाकरी थापताना ती सौभद्रातले संवाद म्हणायची ते दोन आवाजांत. आम्हाला वाटायचं ही तिचीच गंमत आहे. तिला वाटायचं नाटक असंच असतं.

आता स्वस्त जागेबद्दल जरा बोलते, कारण सगळी नाटकं मागून सारखी दिसत नाहीत. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं जाणता राजा घ्या. 1985 पासून चाललेलं महानाट्य, मैदानावर होणारं, दोनशेच्या वर कलावंत, हत्ती, घोडे, उंट. त्यातले संवाद आणि गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली असतात, पात्रं त्यावर ओठ हलवतात. जाणकार नाकं मुरडतात. मी म्हणते, मागं बसणाऱ्याला याच्यासारखा न्याय नाही. कर्ण्यातून पहिल्या रांगेला जे ऐकू येतं तेच शेवटच्या रांगेला. हत्ती काय, कुठूनही हत्तीच दिसतो. संगीत नाटकाचं उलटं आहे. गायक आवाज बारीक करत करत पदाच्या शेवटाला येतो, ती जागा पुढं बसलेल्याला मिळते आणि बाल्कनीला मिळतो तो पंख्याचा आवाज. एका जिल्ह्याच्या गावात, नाव घेत नाही, मी ज्या खुर्चीवर बसले तिच्या बरोबर समोर खांब होता. तिकिटावर खांबाचा उल्लेख नव्हता. लंडनला माझी भाची असते. ती सांगते, तिकडं अशी जागा विकताना ‘इथून रंगमंच पूर्ण दिसत नाही’ असं आधी सांगतात आणि तेवढे पैसे कमी घेतात. आपल्याकडं खांब फुकट देतात.

2023 च्या मे महिन्यात मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दोन हजार खुर्च्यांच्या नव्या थिएटरात द साउंड ऑफ म्युझिक आलं होतं. 1959 सालचं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक. आम्ही त्याच चौघी. पण या वेळी शहाण्या झालो होतो. आदल्या रात्री परभणीहून देवगिरीत बसलो, सकाळी मुंबई. एकीच्या चुलत दिराकडं आंघोळी आणि पोहे. दुपारचा खेळ, रात्री नवाच्या सुमाराला परतीची देवगिरी, सकाळी परभणी. लॉजचा खर्च शून्य. दुपारचा खेळ होता म्हणून जमलं, रात्रीचा असता तर आम्ही निघालोच नसतो.

तिकीट सगळ्यांत वरचं. तिथून पात्रांचे चेहरे दिसत नाहीत, भांग दिसतात. पण नाचाची नक्षी दिसते. सात पोरं रांगेत येतात, फुटतात, परत जुळतात, ते रांगोळीसारखं वरूनच कळतं. इंग्रजी आम्हाला अर्धं कळलं, एकीला तर पावही नाही. पण सुरुवातच मठातल्या जोगिणींच्या प्रार्थनेनं होते. अंधारात नुसते आवाज आले, तशी ती माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, हा तर काकडा आहे.” तिच्या शेजारी बसलेल्या मुंबईच्या पोरीनं मान वळवून पाहिलं. मला वाटलं, आता रागावते. ती म्हणाली, “काकडा म्हणजे काय, काकू?” मध्यंतरभर आमची मैत्रीण तिला काकड आरती समजावून सांगत होती, आणि आम्ही दशम्या खात होतो. म्हणजे लपवून खात होतो, बाहेरचं खाणं आत चालत नाही.

स्वस्त जागा मागंच का असावी, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. न्यूयॉर्कला 1996 मध्ये रेंट नावाचं म्युझिकल लागलं, गरीब तरुण कलावंतांची गोष्ट. ज्यांची गोष्ट, त्यांनाच तिकीट परवडेना. तेव्हा निर्मात्यांनी पहिल्या दोन रांगा 20 डॉलरला ठेवल्या. पहिल्या दोन, शेवटच्या नाही. पोरं रात्रभर फुटपाथवर झोपायला लागली, मग रांगेऐवजी चिठ्ठ्या टाकायची पद्धत आली. पुढं हॅमिल्टन या जुन्या अमेरिकन पुढाऱ्यावरच्या म्युझिकलवाल्यांनी सोडतीचं तिकीट 10 डॉलरला दिलं, कारण दहाच्या नोटेवर त्याच हॅमिल्टनचं चित्र आहे. त्यामागं धंद्याचं गणितही आहे. पुढं जीव टाकून ऐकणारी माणसं बसली की नट खुलतो, नट खुलला की मागच्या महागड्या रांगांनाही चांगला प्रयोग मिळतो.

आता आपल्याकडच्या पहिल्या दोन रांगा डोळ्यांपुढं आणा. सोफे. सोफ्यांवर पांढरी कव्हरं. त्यावर पासवाली मंडळी, नांदी संपल्यावर येणारी आणि मध्यंतरात सत्काराचा नारळ घेऊन निघून जाणारी. दुसऱ्या अंकात गायकासमोर काय असतं? रिकामी कव्हरं. ज्या पोरानं नव्वद किलोमीटर मोटरसायकल हाकत येऊन शेवटच्या रांगेचं तिकीट काढलं, तो मागून माना उंच करतोय. त्याला पुढं बोलवायला डोअरकीपर धजत नाही, कारण साहेब परत आले तर? साहेब परत येत नाहीत हो. पन्नास वर्षं बघायलेय मी.

आपला प्रेक्षक अडाणी आहे, त्याला संगीत नाटक झेपत नाही, असं एक मुंबईकर व्यवस्थापक मला म्हणाले होते. मी त्यांना नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेला या म्हटलं. तिथं तमाशाच्या तंबूत गण-गवळणीपासून वगापर्यंत रात्र काढणारा माणूस, नाथांचं भारूड पाठ असणारा माणूस, घरच्या गोंधळात पहाटेपर्यंत संबळ ऐकणारा माणूस, त्याला गाण्यातून गोष्ट ऐकायची सवय तुमच्यापेक्षा जुनी आहे. फरक इतकाच, की गोंधळ त्याच्या अंगणात होतो. पहाट झाली की तो उठून गोठ्यात जातो. त्याला चारची देवगिरी धरायची नसते.

म्हणून माझं मागणं सवलतीचं नाही. रविवारी दुपारी बाराचा खेळ लावा. तीन-सव्वातीनला सुटला की माणूस दिवसाउजेडी फाट्यावर उतरतो. पोरीबाळींना घरून परवानगी मिळते, म्हाताऱ्यांना दिसतं. ठेकेदार म्हणतील, दुपारी कोण येतंय? एकदा लावून तर बघा. एसटीचं वेळापत्रक आधी उघडा, मग तारीख घ्या. आणि प्लॅन उघडेल, म्हणजे तिकीटविक्री सुरू होईल, तेव्हा पहिल्या दोन रांगांत एक तरी ओळ अशी ठेवा, जी फक्त बाहेरगावच्या माणसाला मिळेल.

असा दुपारचा एक खेळ मागच्या वर्षी मिळाला. सौभद्रच, संभाजीनगरला. मायला घेऊन गेले. ती आता शहाऐंशीची आहे. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, तेव्हा तिच्या प्रवासाला एक पैसा लागला नाही. सगळे पैसे मी तिकिटाला घातले, तिसरी रांग, बरोबर मधली खुर्ची. साठ वर्षांनी तिला कृष्ण बघायला मिळणार होता. पडदा उघडला. नट तयारीचे होते, प्रॉम्प्टरची कुणालाच गरज पडली नाही. माय पाच मिनिटं टक लावून बघत राहिली. मग अस्वस्थ झाली, खुर्चीत इकडं-तिकडं वाकून बघायला लागली. मला वाटलं पाठ दुखतेय. तिनं माझा हात ओढला आणि म्हणाली,

“अगं, तो हळू बोलणारा माणूस कुठाय?”