फर्नेस वारंवार बंद पडते? गॅसच्या आधी हवा तपासा

नमस्कार. ऑक्टोबर संपत आला की शिकागोच्या उपनगरांतून, आणि अलीकडे टोरांटोकडूनही, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो: घर गरम करणारी गॅसची फर्नेस सुरू होते, काही मिनिटे चालते आणि घर तापण्याआधीच बंद पडते, तर गॅसचा दाब कमी झाला असेल का? गॅसचे नंतर पाहता येईल; आधी हवेचा मार्ग तपासावा, असे माझे बहुतेक वेळा उत्तर असते.

फर्नेस कशी चालते हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. घराचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटने मागणी केली की धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा फिरू लागतो, गॅस पेटवणारा इग्नायटर तापतो, बर्नर पेटतात आणि थोड्या वेळाने मोठा ब्लोअर घरातली हवा हीट एक्स्चेंजरवरून, म्हणजे आतून ज्वाळेने तापणाऱ्या धातूच्या भागावरून, खेळवून खोल्यांत पाठवतो. ध्यानात ठेवण्याची बाब एवढीच की ज्वाळेची हवा आणि आपल्या श्वासाची हवा यांच्यामध्ये फक्त पातळ धातूची भिंत असते.

आता फर्नेसमध्ये शिरणारी हवा गाळणारा फिल्टर. २०२० मध्ये विषाणूच्या भीतीने मर्व्ह १३ दर्जाचे (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितके बारीक कण फिल्टर अडवतो) फिल्टर वापरण्याचा सल्ला सर्वत्र दिला गेला. यंत्रणेला पेलवत असेल तर तो योग्यच होता. मात्र ही अट गळून पडली आणि लोकांनी एक इंचाच्या खाचेत दुकानातला सर्वांत महाग फिल्टर सरकवला. दाट फिल्टरमधून हवा कमी जाते, हीट एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापतो, अति तापल्यावर चालणारा लिमिट स्विच बर्नर विझवतो, ब्लोअर यंत्र थंड करत राहतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. तुम्ही विचारता तो दोष बहुधा हाच असतो. एक इंचाच्या खाचेसाठी मर्व्ह ८ पुष्कळ झाला. घरात कोणाला दमा असेल तर चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्यावी. फिल्टरवरील बाण फर्नेसच्या दिशेने असावा, आणि ज्या घरात रोज फोडणी होते व उदबत्ती लागते, तिथे वेष्टनावरच्या तीन महिन्यांच्या मुदतीवर न विसंबता दर महिन्याला तो उजेडासमोर धरून पाहावा.

‘आम्ही रिकाम्या खोल्यांच्या गरम हवेच्या जाळ्या बंद ठेवून गॅस वाचवतो,’ असे अनेक जण अभिमानाने लिहितात. ब्लोअर पूर्ण घराच्या हिशेबाने निवडलेला असतो. चार खोल्यांच्या जाळ्या मिटल्या की तीच हवा कोंडते आणि दाट फिल्टरने घडते तेच इथेही घडते. एका परिचितांकडे तर हवा परत ओढणाऱ्या मोठ्या जाळीला टेकूनच सागवानी देव्हारा मांडलेला होता. दोनदा तंत्रज्ञ येऊन गेले, एक सुटा भागही बदलला गेला. अखेर देव्हारा समोरच्या भिंतीला हलवला आणि फर्नेस सुरळीत चालू लागली.

तिसरी कोंडी घराबाहेर होते. नव्या, अधिक कार्यक्षम फर्नेसच्या हवा घेणाऱ्या व धूर सोडणाऱ्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतात, आणि बर्फाचा ढीग किंवा गोठलेली वाफ त्यांचे तोंड बुजवू शकते. तसे झाले की या मार्गातला दाब तपासणारा प्रेशर स्विच फर्नेस पेटूच देत नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचे तापमान उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरले होते. अशा रात्री फर्नेस थांबली तर आधी नळ्यांची तोंडे पाहून बर्फ हाताने दूर करावा. पक्षी शिरू नयेत म्हणून तिथे बारीक जाळी बसवण्याचा सल्ला कृपया कोणाला देऊ नका, कारण तिच्यावरच हिम साचते.

हा आग्रह केवळ सोयीसाठी नाही. वारंवार अति तापण्याने ती धातूची भिंत तडकू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येण्याची वाट मोकळी होते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने गेलेल्या जीवांच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचल्या आहेत. हा तोच वायू. त्याला रंग नाही, वास नाही. शिकागोच्या इलिनॉय राज्यात २००७ पासून प्रत्येक शयनगृहापासून १५ फुटांच्या आत त्याचा अलार्म लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही ‘उगाच वाजतो म्हणून बॅटरी काढली’ असे कोणी लिहिले की माझा संयम सुटतो. प्रचलित मानकानुसार हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) वायू असेल तर हा अलार्म एक ते चार तासांच्या अवधीत वाजतो. तो वाजला म्हणजे वायू बराच वेळ घरात आहे असे समजून सर्वांनी बाहेर पडावे आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. गॅसगळती मात्र या अलार्मला कळत नाही. तिच्यासाठी नाकच हवे: १९३७ मध्ये टेक्सासच्या न्यू लंडन येथील शाळेत गॅसच्या स्फोटात सुमारे ३०० जण दगावले, आणि त्यानंतर गॅसला मुद्दाम वास देण्याचा नियम आला. तो सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडावे आणि फोन बाहेरूनच करावा.

वर्षातून एकदा तंत्रज्ञ बोलवावा, पण पंधरा मिनिटांत धूळ झटकून पावती फाडणारा नको. फर्नेसमध्ये शिरणाऱ्या आणि तिच्यातून निघणाऱ्या हवेच्या तापमानांतला फरक मोजायला त्याला सांगा. आतल्या नावपट्टीवर त्याची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट. मोजलेला आकडा फर्नेसच्या दारावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो बराच वाढलेला दिसला, तर हवा कुठेतरी अडते आहे, आणि शोध पुन्हा फिल्टरपासून सुरू करायचा आहे.