तीन हजार फेरे म्हणजे किती?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पेशीविज्ञान आणि शेजारची शास्त्रं’. त्याकडे येतोच. आधी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. चहा भाषणानंतर आहे, त्यामुळे कोणी उठणार नाही हे मला माहीत आहे.

फेणी घेताना आपण विचारतो, किती ग्रावची? ग्राव म्हणजे दारूच्या तीव्रतेचं माप. एकोणीस-वीस म्हटलं की फेणी, चौदा-पंधरा म्हटलं की हुर्राक, म्हणजे तिची सौम्य बहीण. विकणारा आणि घेणारा एकच माप बोलतात. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज असतं, नळ्या गरागरा फिरवून जड तुकडे तळाला बसवणारं यंत्र. त्यासाठी मात्र पीएचडी झालेली माणसं लिहून देतात, ‘३००० आरपीएमवर दहा मिनिटं’. आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. पेशीच्या तुकड्यांना फेरे कळत नाहीत, ओढ कळते, आणि ती रोटरच्या, म्हणजे नळ्या धरून फिरणाऱ्या भागाच्या, त्रिज्येवरही ठरते. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घ्या, फेऱ्यांच्या वर्गाने गुणा, मग ०.००००१११८ ने. उत्तर येतं ‘जी’मध्ये, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या किती पट. ८ सेंमीच्या रोटरला ३००० फेऱ्यांत ८०५ जी मिळतात, १६ सेंमीच्या रोटरला १६१०. आकडा तोच, ओढ दुप्पट!

आता काय होतं बघा. जीवशास्त्राचा विद्यार्थी यकृताचा तुकडा पाव मोलर साखरेच्या द्रावणात, बर्फावर ठेवून घोटतो. साखर अशासाठी की नुसत्या पाण्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, फुगून फुटतात. घोटणं जास्त झालं तर केंद्रकं फुटतात, डीएनए बाहेर येतो आणि सगळं भेंडीच्या पाण्यासारखं बुळबुळीत होतं. हे सांभाळून तो केंद्रकं खाली बसवतो. त्याला ६०० ते १००० जी पुरतात. वरचं पाणी रसायनवाल्यांकडे जातं, ते दहा हजार जीला मायटोकॉन्ड्रिया काढणार. पण लिहिलं होतं फक्त ३००० फेरे आणि यंत्र मोठं होतं, १६१० जी लागले, जड मायटोकॉन्ड्रिया आधीच केंद्रकांबरोबर तळाला गेल्या. रसायनवाले महिनाभर आपली रसायनं तपासत बसतात. चूक एका ओळीत होती, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला ती चूक वाटतच नाही, कारण त्याच्या खोलीत एकच यंत्र आहे.

सूक्ष्मदर्शकाचंही तेच. पणजीत जून लागला की चपलांना बुरशी येते, तशी भिंगांनाही. ती भिंगावरचा लेप खाते, चित्र धुरकट होतं, आणि दोष जातो अँटिबॉडीला, म्हणजे पेशीतला हवा तो भाग रंगवून दाखवणाऱ्या प्रथिनाला! भिंगं ४०–५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवा, सिलिका जेल वेळेवर बदला. हे जीवशास्त्राच्या पुस्तकात नसतं, ऑप्टिक्सवाल्याला विचारावं लागतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे खरा विषय आता पळवावा लागणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की सहकार्य सुरू करताना कल्पनांची देवाणघेवाण नंतर करा, आधी मापं आणि ‘तुमच्याकडे काय बिघडतं’ हे विचारा. भौतिकीवाल्याला विचारा, पिक्सेल केवढा? ५१० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि १.४ अपर्चरचं (किती रुंद कोनातला प्रकाश भिंग घेतं त्याचं माप) भिंग असेल, तर सुमारे २२२ नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणून पिक्सेल त्याच्या निम्म्याहून मोठा नको. ६.५ मायक्रोमीटर पिक्सेलच्या कॅमेऱ्याला ६० पट भिंग लावलं की तो १०८ नॅनोमीटरचा पडतो, बरोबर बसतं. २० पटीला ३२५. तिथे संगणकवाला कितीही हुशार असो, नसलेला तपशील काढू शकत नाही.

संख्याशास्त्रज्ञाला प्रयोग संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी बोलवा. एका डिशमधल्या ३०० पेशी म्हणजे ३०० नमुने नव्हेत, एकच. तीन वेगळ्या दिवशी तीन डिश करा, प्रत्येकीत ५० पेशी मोजा. त्या १५० पेशी आधीच्या ३०० पेक्षा जास्त सांगतात.

आणि हो, दामोदर कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७चा. जुन्या नाण्यांची वजनं करून इतिहास लावणारा हा गणिती. गुणसूत्रांवरचं अंतर मोजायचं त्यांचं सूत्र आजही वापरतात. जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल एका जागी झाली की शेजारी ती कमी होते, हे त्यांनी हिशेबात धरलं. म्हणून ३० टक्के पुनर्संयोगाचं, म्हणजे शंभरात तीस वेळा दोन जनुकं या अदलाबदलीने वेगळी होतात तेव्हाचं, अंतर सुमारे ३४.७ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरच्या अंतराचं एकक) येतं. सूत्र फळ्यावर लिहिणार होतो, पण दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा.